साक्षीदारासमोरचा मॉनिटर

"आत्ता तर चालू आहे, मॅडम."

मी टेबलाखाली होते. बाहेर येताना टेबलाची कड कपाळाला लागली. ज्याच्यासाठी मी त्या धुळीत शिरले होते तो कॉम्प्युटर विभागाचा माणूस हात मागे बांधून मॉनिटरकडे कौतुकाने बघत उभा होता.

"चालू आहे कारण मी खालून केबल उचलून धरली होती," मी म्हणाले. "आता सोडते. नीट बघा."

मी केबल सोडली. मॉनिटर चालूच राहिला. त्या मेल्यालाही माझी फजिती करायला नेमका तोच मुहूर्त सापडला.

"बघितलं," तो म्हणाला, आणि तक्रारवहीत माझ्या ओळीसमोर लाल शाईने लिहिलं, 'तपासले. दोष आढळला नाही.' चार महिन्यांतली माझी ही पाचवी तक्रार आणि त्याची पाचवी लाल ओळ. मी त्याला मनातल्या मनात 'आत्तातरचालूआहे' म्हणायची. एकदा कॅन्टीनमध्ये तोंडातून निघून गेलं आणि तेव्हापासून अख्खी कचेरी त्याला तेच म्हणते. एवढाच काय तो माझा सूड.

जाता जाता त्याने आणखी एक पुण्यकर्म केलं. केबलचा भार सॉकेटवर येऊ नये म्हणून मी ती टेबलाच्या पायाला सुतळीने बांधली होती. ती सुतळी त्याने सोडली, गुंडाळली आणि खिशात घातली.

"कचेरीच्या वस्तूला दोरीबिरी बांधायची नाही, मॅडम. उद्या काही झालं तर तुमच्यावर येईल."

"आणि नाही बांधली तर?"

"मग काय होणार? आत्ता तर चालू आहे ना."

मी कोर्टात टंकलेखिका. सत्तावीस वर्षं. आधी टाइपरायटरवर, मग पेटीएवढ्या कॉम्प्युटरवर आणि आता लॅपटॉपवर. आमच्याकडची पद्धत अशी, की वकिलाचा प्रश्न मी जसाच्या तसा टाइप करायचा. उत्तर मात्र साक्षीदाराच्या तोंडून घ्यायचं नाही. ते साहेब, म्हणजे न्यायाधीश, ऐकतात, आपल्या शब्दांत नीट बसवून मला सांगतात आणि मग ते कागदावर येतं. सत्तावीस वर्षांत माझ्या बोटांखालून लाखो शब्द गेले आणि त्यातला एकही माझा नव्हता. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. नळाला पाण्याचा अभिमान नसतो आणि लाजही नसते.

लॅपटॉपला दोन मॉनिटर जोडलेले होते. एक साहेबांसमोर, दुसरा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. साक्षीदाराने आपलं बोलणं कसं उतरतंय ते वाचावं आणि चुकलं असेल तर तिथल्या तिथे 'असं मी म्हणालो नाही' म्हणावं, यासाठी. साहेबांची केबल हातभर, हलकी आणि घट्ट. साक्षीदाराची बारा फूट. ती टेबलाच्या भोकातून खाली उतरायची आणि जमिनीवरून सरपटत पिंजऱ्यापर्यंत जायची. लॅपटॉप रोज संध्याकाळी कपाटात बंद करायचा असा नियम, म्हणजे रोज केबल उपटायची आणि रोज खुपसायची. बारा फुटांचं वजन त्या टीचभर खाचेवर. ती झिजणार नाही तर काय होईल?

दोष कुठे आहे ते मी स्वतः शोधून काढलं होतं. पीठ सांडत असेल तर डब्याला भोक आहे की झाकण सैल आहे हे बघायला इंजिनियर लागत नाही. एका शनिवारी मी केबलची टोकं उलटी करून लावली. मॉनिटर मिणमिणतच राहिला. शेजारच्या कोर्टातली केबल आणून लावली, तरी तेच. मग माझी केबल आणि माझा मॉनिटर शेजारच्या लॅपटॉपला जोडला. तासभर पापणीसुद्धा लवली नाही! म्हणजे केबल चांगली, मॉनिटर चांगला, आणि माझ्या लॅपटॉपचं सॉकेट ढिलं. शिवाय मी भराभर टाइप करायला लागले की टेबल हलायचं, टेबल हललं की मॉनिटर काळा व्हायचा आणि त्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी तरंगायची. कधी पाच सेकंद, कधी अर्धं मिनिट. हात थांबले की परत चालू. आणि तपासायला येणारा शहाणा पहिली गोष्ट काय करायचा, तर मला काम थांबवून खुर्चीतून उठवायचा. मग त्याला दोष दिसणार कसा?

हे सगळं मी पानभर लिहून दिलं होतं. त्या पानावर कोणीतरी चहाचा कप ठेवला. गोल डाग मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

तरी एवढे दिवस कोणाचं मोठंसं अडलं नव्हतं. साक्षीदाराला कान असतात. स्क्रीन गेली तरी प्रश्न ऐकू येतो, उत्तर देता येतं. मग मावशीची साक्ष लागली.

माझी नव्हे, अख्खा कारखाना तिला मावशी म्हणायचा. मावशी पुठ्ठ्याच्या कारखान्यात दाबयंत्रावर एकतीस वर्षं होती. तिच्या शेजारच्या यंत्रावर एक चोवीस वर्षांची मुलगी काम करायची. त्या यंत्रात मुलीचा उजवा हात मनगटापासून गेला. यंत्राच्या तोंडावर लोखंडी जाळी असायला हवी होती, ती त्या दिवशी नव्हती. मुलीने भरपाईचा दावा लावला. कंपनीचं म्हणणं, जाळी मुलीने स्वतःच काढली, काम लवकर उरकायला. मुलीचं म्हणणं, सुपरवायझरने काढली. बघणारी एकटी मावशी. कारखान्यातल्या बाकी सगळ्यांना त्या दिवशी एकदम मोतीबिंदू झाला होता.

आणि मावशी ठार बहिरी. एकतीस वर्षं ती यंत्रं कानाशी धडधडल्यावर दुसरं काय होणार? कानाला यंत्र लावलं तरी तिला नुसती घरघर ऐकू यायची. पण ती सातवी शिकलेली, आणि वाचायची झरझर. म्हणून ठरलं, की वकील प्रश्न विचारेल, मी टाइप करेन, मावशी मॉनिटरवर वाचेल आणि तोंडाने उत्तर देईल.

हे समजल्याबरोबर मी साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, तो मॉनिटर भरवशाचा नाही. मध्येच जातो. मी प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देऊ का? किंवा त्या दिवसापुरता शेजारचा लॅपटॉप मागवू?"

साहेबांनी मान वर केली नाही. ते काटेकोर माणूस. वाईट नव्हते, हे मी आजही म्हणेन. लाच नाही, उशीर नाही, आवाज चढवणं नाही. फक्त एकदा कागदावर एखादी गोष्ट व्यवस्थित आहे असं आलं की त्यांच्यासाठी ती व्यवस्थित असायची.

"वही आणा."

मी तक्रारवही आणली. त्यांनी पाचही लाल ओळी वाचल्या.

"दोष आढळला नाही असं लिहिलंय."

"त्यांना आढळला नाही, साहेब. मला रोज आढळतो."

"बाई, तज्ज्ञ ते आहेत की तुम्ही?"

मी वही उचलून बाहेर आले.

साक्षीच्या दिवशी सकाळी मी घरात भांडी आपटत होते. आमचे हे पाणीपुरवठ्यात मीटर वाचायला जातात. लोकांचे मीटर तीस वर्षं वाचले, पण बायकोचा काटा कुठे गेलाय ते अजून कळत नाही.

"अगं, किती चिडशील? तुझ्या घरचं काम आहे का ते?"

"त्या बाईला प्रश्न दिसले नाहीत तर ती उत्तर काय देणार?"

"साहेब बघतील ना. वकील आहेत. तू आपलं टाइप कर आणि ये. जाऊ दे."

'जाऊ दे' हा आमच्या घरातला सगळ्यात जास्त वापरलेला शब्द. लग्नानंतर घर घेताना जाऊ दे, माझी बढती दुसऱ्याला दिली तेव्हा जाऊ दे, दिराने बोलणं बंद केलं तेव्हाही जाऊ दे. मी डबा भरला, औषधाच्या खोक्याचा जाड पुठ्ठा कापून चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकला. केबलच्या टोकाखाली ठेवायला. सुतळीला बंदी होती, पुठ्ठ्याबद्दल कोणी काही बोललं नव्हतं.

मावशी आली ती इस्त्रीची साडी नेसून, केस चापून बसवून. पिंजऱ्यात तिला खुर्ची दिली. मागच्या बाकावर ती मुलगी बसली होती, उजवी बाही सेफ्टी पिनने दुमडून लावलेली. मी पुठ्ठा केबलखाली सरकवला आणि स्क्रीनवर लिहिलं, 'मावशी, हे दिसतंय का?'

"दिसतंय की!" मावशी गरजली. बहिऱ्या माणसाला आपला आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे तिचं साधं बोलणंसुद्धा हाळी दिल्यासारखं. सगळे हसले. साहेबांच्याही ओठाचा कोपरा हलला.

मुलीच्या वकिलाचे प्रश्न सुरळीत झाले. तो बिचारा छोटे छोटे प्रश्न विचारायचा, मी हलक्या हाताने टाइप करायची. यंत्र कुठलं, पाळी कुठली, तुम्ही कुठे उभ्या होता. मावशी वाचायची आणि ठणठणीत उत्तर द्यायची. मॉनिटर एकदाच पापणी मिटल्यासारखा गेला आणि आला. मला वाटलं, पुठ्ठा पावला.

मग कंपनीचा वकील उठला.

त्याचे प्रश्न लांबलचक. 'आपण आत्ताच सांगितलं की, आणि त्याआधी असं म्हणालात की, तर मग हे खरं आहे का की.' चार चार ओळींचा एकेक प्रश्न, तोही घाईघाईने बोललेला. त्याला गाठायचं तर मला भराभर टाइप करावंच लागणार. तिसऱ्या प्रश्नाला टेबल हललं, पुठ्ठा सरकला आणि मावशीसमोरची स्क्रीन काळी झाली.

मावशी बघतच राहिली. काळ्या काचेत तिला स्वतःचाच चेहरा दिसत असणार. मी हात थांबवले आणि केबल दाबली. दहा सेकंदांनी प्रश्न परत आला, तिने वाचला, उत्तर दिलं.

कंपनीचा वकील मावशीकडे बघत होता. मग त्याने मॉनिटरच्या पाठीकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. मी शपथेवर सांगते, त्या क्षणी त्याला सगळं समजलं. आणि पुढचा प्रश्न त्याने सहा ओळींचा विचारला.

स्क्रीन गेली.

"साहेब," मी म्हणाले, "साक्षीदाराचा मॉनिटर बंद पडलाय."

बोलायला हात थांबवले तेवढ्यात तो चालू झाला. साहेबांनी चष्म्यावरून तिकडे नजर टाकली.

"चालू तर आहे."

"आत्ता आला, साहेब. टाइप केलं की जातो."

"बाई, तुमचं काम टाइप करायचं. मध्ये बोलायचं नाही."

मुलीचा वकील अर्धा उठला. तो साहेबांकडे तोंड करून बसलेला, मॉनिटर त्याच्या पाठीमागे. वळून बघितलं तेव्हा स्क्रीन लख्ख. तो परत बसला. मला त्याचाही राग आला. अरे बाबा, एक मिनिट उभा राहा, खुर्ची फिरव, बघत बस! पण त्याच्यापुढे त्या दिवशीच्या आणखी तीन फायली होत्या आणि त्यातल्या एकीत त्याचं बोट अडकलेलं होतं.

आता माझी पंचाईत बघा. केबल दाबून धरायची तर टाइप कशाने करायचं? आणि टाइप करायचं तर केबल धरायची कोणी? मी एका हाताने टाइप करून बघितलं. वकील लगेच म्हणाला, "साहेब, बाई मागे पडतायत." साहेब म्हणाले, "बाई, दोन्ही हात वापरा." त्यांना काही सुचवायचं नव्हतं, पण मागच्या बाकावर ती मुलगी बसली होती आणि तिने मान खाली घातली. त्या वेळी माझं कपाळ तापलं ते तापलंच.

मग तो प्रश्न आला. सगळा खटला ज्यावर उभा, तो. वकिलाने आधी मुलीच्या कामाचा वेग, मग बोनस, मग जाळीचे बोल्ट, असं सगळं त्यात गुंडाळलं आणि शेवटी विचारलं, "तर यंत्राची जाळी काढताना तुम्ही स्वतः कोणाला पाहिलंत का, आणि पाहिलं असेल तर कोणाला?"

'कोणाला'वर माझं बोट पडलं आणि स्क्रीन गेली.

मी केबल दाबली. आली नाही. पुठ्ठा परत घातला. आली नाही. 'सिग्नल नाही' ही पाटी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत होती आणि मावशी तिच्यामागे नजर फिरवत होती. तिला वाटलं असेल, हाच प्रश्न आहे. ती काही न बोलता वाट बघत बसली. बहिऱ्या माणसाला वाट बघायची सवय असते.

"साहेब, कृपया नोंद व्हावी," कंपनीचा वकील अगदी मऊ आवाजात म्हणाला. "या प्रश्नावर साक्षीदार गप्प आहे."

"साहेब, मॉनिटर—"

"बाई!" साहेबांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. मग घड्याळ बघितलं, आणि सांगितलं, "घ्या. 'या प्रश्नावर साक्षीदार बराच वेळ गप्प राहते.'"

मी टाइप केलं. 'या प्रश्नावर साक्षीदार बराच वेळ गप्प राहते.' पूर्णविराम.

साहेब आपल्या टाचणवहीत काहीतरी लिहायला वळले. वकील पाणी प्यायला. आणि माझी बोटं पुढे गेली. मी ठरवलं वगैरे काही नाही. संतापाने कानशिलं वाजत होती आणि बोटांना टाइप करणं एवढंच येतं. कंस उघडला. 'या वेळी साक्षीदारासमोरचा मॉनिटर बंद होता.' कंस पुरा.

माझं पहिलं वाक्य. सहा शब्द, त्यातला एकही सजवलेला नाही.

अर्ध्या मिनिटाने स्क्रीन आली. मावशीने वर सरकलेला प्रश्न शोधून वाचला आणि तिचा आवाज छताला लागला. "सुपरवायझरने! माझ्यासमोर काढली. तेरा नंबरच्या पान्याने चारही बोल्ट काढले. मी म्हटलं, अरे, पोरीचा हात जाईल. तर म्हणाला, मावशी, तुम्ही तुमचं यंत्र बघा!"

मागच्या बाकावर ती मुलगी रडत होती. साहेबांनी उत्तर नीट बसवून सांगितलं, मी टाइप केलं. पण त्याच्या वर ते 'बराच वेळ' बसलेलंच होतं.

साक्ष संपली की ती छापायची, साक्षीदाराने एकेक पान वाचून खाली सही करायची, मग वकिलांनी बघायचं आणि शेवटी साहेबांची सही. चार पानं निघाली. मावशीने चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली, मोठ्याने. छापील कागद मनात वाचायची तिला सवय नव्हती. अख्खं कोर्ट तिची साक्ष दुसऱ्यांदा ऐकत होतं. तिसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं.

"'साक्षीदार बराच वेळ गप्प राहते.' मी? मी कधी गप्प राहिले? जन्मात राहिले नाही!" कोणी हसलं नाही. तिचं बोट पुढे सरकलं. "'या वेळी साक्षीदारासमोरचा मॉनिटर बंद होता.' हां. मग असं सांगा ना. हे बरोबर आहे." आणि तिने खाली सही ठोकली. पाठोपाठ चौथ्या पानावरही.

कंपनीचा वकील ताडकन उठला.

"साहेब, हे वाक्य आपण सांगितलेलं नाही!"

साहेबांनी पान ओढून घेतलं, वाचलं, परत वाचलं. "बाई, हे कोणी लिहिलं?"

"मी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्याच नाही. ते खरं आहे, साहेब."

"खरं काय आणि खोटं काय ते ठरवायला मी बसलोय. पान बदला. ती ओळ काढून नवीन छापा."

मी उभी राहिले.

"सही झालीय, साहेब. सही झालेलं पान फाडता येत नाही आणि बदलताही येत नाही. मजकूर वगळायचा तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला आपली आद्याक्षरं आणि तारीख. नियम आपल्यालाच ठाऊक आहे."

साहेबांना नियम ठाऊक होता, आणि नियम मोडण्याइतके ते वाईट नव्हते. त्यांनी ड्रॉवरमधून पट्टी काढली. काळ्या शाईचं बारीक टोकाचं पेन घेतलं. आणि माझ्या सहा शब्दांवरून अशी सरळ, अशी नाजूक रेघ मारली की एकाही अक्षराला धक्का लागला नाही. बाजूला आद्याक्षरं, तारीख. वर वेळही घातली. कंपनीच्या वकिलाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण मी बघितलं नाही. मी लॅपटॉपमधून केबल काढत होते आणि ती निघताना, नेमकी तेव्हा, घट्ट बसली होती.

दुसऱ्या दिवशी मेमो आला. 'न्यायालयीन अभिलेखात स्वतःच्या मनाने मजकूर घातल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' खुलाशात मी पाच तक्रारींच्या तारखा लिहिल्या आणि खाली सही केली. मला तळमजल्यावर नक्कल विभागात पाठवलं, जिथे निकालांच्या आणि साक्षींच्या प्रती काढायच्या, शिक्के मारायचे आणि त्या खिडकीतून द्यायच्या. वरिष्ठतेची दोन वर्षं गेली. माझ्या जागी जो आला त्याला पहिल्याच आठवड्यात नवा कोरा लॅपटॉप मिळाला. जुन्याचं काय झालं असं मी विचारलं, तर आत्तातरचालूआहे म्हणाला, "त्याचं सॉकेट खराब होतं, मॅडम." त्याच्या तोंडावर चहा फेकायचा राहिला, याचं मला अजून दुःख आहे.

घरी हे म्हणाले, "जाऊ दे." मी म्हणाले, "नाही जाऊ देत." लग्नाला तीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा. त्यांनी वर बघितलं, आणि त्या दिवशी चहा त्यांनी केला.

सात महिन्यांनी निकाल लागला. नक्कल काढायला माझ्याकडेच आला आणि मी तो उभ्यानेच वाचला. मुलगी हरली. जाळी तिनेच काढली असावी, असं साहेबांनी लिहिलं होतं. मावशीबद्दल अडीच ओळी होत्या. 'सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नावर सदर साक्षीदार बराच वेळ गप्प राहिली. अशा साक्षीदारावर विसंबणे धोक्याचे ठरेल.' वगळलेला मजकूर विचारात घ्यायचा नसतो. त्यांनी घेतला नाही. नियमाप्रमाणेच केलं सगळं, काटेकोर माणूस! मी त्या अडीच ओळींसकट नक्कल काढली, शिक्का मारला, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून मनसोक्त शिव्या दिल्या. त्यातल्या काही मला येतात हे मलाही माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांनी खिडकीशी ती मुलगी आली. एकटीच. वरच्या कोर्टात जायचं होतं, सगळ्या साक्षींच्या नकला हव्या होत्या. तिने मला ओळखलं की नाही ते कळलं नाही. मी जाडजूड गठ्ठा समोर ठेवला. तिने डाव्या हाताने पानं उलटली आणि मावशीच्या साक्षीतल्या तिसऱ्या पानावर थांबली.

"ही ओळ खोडलीय ना?"

"हो, खोडलीय."

"मग ही चालणार नाही."

"ते वरचे साहेब ठरवतील. तुला वाचता येतेय का?"

तिने ओठ हलवत वाचलं. "येतेय की."

"मग त्यांनाही येईल. आणि बाजूची सही कोणाची, तारीख आणि वेळ काय, ते वकिलाला दाखव. नुसतं बघा म्हणू नकोस. त्याचं बोट धरून त्या ओळीवर ठेव."

मी पानापानावर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शिक्का मारला. तिसऱ्या पानावर जरा जोरात बसला. मग पोचवही तिच्यासमोर फिरवली. तिने पेन डाव्या हातात घेतलं, दुमडलेली बाही वहीवर ठेवून वही दाबून धरली आणि सही करायला लागली. एकेक अक्षर वेगळं, पहिलीतल्या मुलासारखं, पण काना-मात्रा जिथल्या तिथे. मागे सात-आठ माणसांची रांग होती.

"अहो, किती वेळ?" मागून एक वकील ओरडला. "कामं आहेत आम्हाला!"

"लागेल तेवढा," मी खिडकीतून ओरडले. "घाई असेल त्यांनी उद्या या."

मुलीने वर बघितलं नाही. तिने आडनाव पुरं केलं, शेवटच्या अक्षरावरची रेघ ओढली, आणि मग खाली तारीख घालायला घेतली.